तांबरमच्या उन्हात दिवा

पुणे स्टेशनात संध्याकाळी मद्रासच्या गाडीत चढले तेव्हा माझ्याजवळ तीन नग होते. कपड्यांची बॅग, बेसनाच्या लाडवांचा डबा आणि तुम्ही दोघांनी डेन्मार्कहून पाठवलेलं ते खोकं, ज्यावर ईराने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजी, हे तू वापर.’ ईरा, मी सायकल सोडली त्याला तीस वर्षं झाली. पण आतल्या चिठ्ठीतला तुझा प्रश्न काही माझी पाठ सोडेना. तुमच्याकडे भर दुपारीही सायकलींचे दिवे लुकलुकत असतात. तू म्हणतेस त्यात अर्थ आहे, नील म्हणतो नुसता वेडेपणा आहे, आणि निकाल आजीने द्यायचा. निकाल द्यायचा तर आधी स्वतः पाहायला हवं. पाहण्यासारखी सायकल आपल्या घराण्यात आता एकच उरली आहे, आणि ती चेन्नईजवळ तांबरमला, माझ्या धाकट्या भावाकडे, तुमच्या वसंतआजोबांकडे आहे.

तिकडून मला बोलावणंही आलं होतं. वसंता एकोणसत्तर वर्षांचा. दहा दिवसांपूर्वी सायकलवरून जाताना त्याला एका मोटारसायकलचा धक्का लागला. हाड मोडलं नाही, कोपर तेवढं सोलवटलं. पण त्याच्या सुनेने, मालतीने, सायकलला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी त्याचा मुलगा शेखर म्हणाला की आत्याला बोलवा, ती सांगेल ते दोघांनी ऐकायचं. दोघांनीही मान्य केलं. म्हणजे तुमचा निकाल आणि त्यांचा निकाल मला एकाच प्रवासात द्यायचा होता.

सोलापूरला समोरच्या बाकावर एक चादरींचे व्यापारी आले. मद्रासच्या जॉर्ज टाउन भागात त्यांचं दुकान होतं. सकाळी गुंतकलच्या पुढे लाल माती सुरू झाली, चहा झाला, आणि मी खोकं उघडून आतली रचना पुन्हा एकदा पाहत बसले. दोन चिमुकले दिवे, पुढे पांढरा, मागे लाल. चाकाच्या तारांना लावायची लोहचुंबकं. चाक फिरलं की दिवा लुकलुकतो, चाक थांबलं की विझतो. बॅटरी नाही, बटणही नाही.

“हे काय हो मावशी?” व्यापाऱ्यांनी विचारलं.

“सायकलचा दिवा. दिवसा लावायचा.”

“मद्रासला?” ते एवढे हसले की बशीतला चहा सांडला. “मावशी, तिथं सूर्य स्वतः ड्यूटीवर असतो. त्याला कशाला मदतनीस?”

नील, हे तुझ्या बाजूचं पहिलं मत. मी वहीत लिहून घेतलं.

दुपारी सेंट्रलला उतरले. फलाटावर वसंता उभा होता, डोक्यावर कापडी टोपी, कोपराला पट्टी, चेहरा शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. रस्ता ओलांडून पार्क स्टेशनवरून आम्ही तांबरमची लोकल धरली. फेब्रुवारीचा महिना, त्या वेळी गर्दी नव्हती. खिडकीतून सैदापेटच्या पुढे विमानं इतकी खाली दिसतात की त्यांची चाकं मोजावीत. वसंताला मात्र खिडकीत रस नव्हता.

“अक्का, चूक माझी नव्हती. मी डाव्या बाजूने, बेताच्या वेगाने चाललो होतो. गल्लीतून तो आला आणि मला घासून गेला. मग थांबून काय म्हणाला ठाऊक आहे? ‘दिसलाच नाहीत, सार.’ सकाळचे दहा वाजलेत, मी पाच फूट आठ इंच, सायकल काळी, दांडा उंच, आणि मी दिसलो नाही!”

“रागावू नकोस. न दिसण्यासारखं काय होतं, तेच पाहायला आले आहे.”

“आणि तू नाही म्हणालीस तर?” त्याने खिडकीबाहेर पाहत विचारलं.

सायकलवर तो कुठे जातो, हे सांगायला हवं. त्याच्या घरापासून अडीच-तीन किलोमीटरवर सेतुराव राहतात. तंजावरकडचे मराठी. त्यांची माणसं तिकडे इतकी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की घरात मराठी बोलतात, पण लिहायचं झालं तर तमिळ लिपीत. सेतुरावांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्याकडे वडिलांच्या पत्रांची एक पेटी आहे, सगळी मराठीत, देवनागरीत. माकडहाड दुखावल्यापासून त्यांना घराबाहेर पडता येत नाही. वसंता रोज सकाळी जातो आणि त्यांना एक पत्र वाचून दाखवतो. एकच. जास्त वाचायचं नाही असं दोघांचं ठरलं आहे, म्हणजे पेटी लवकर संपणार नाही. त्या आतल्या रस्त्याने बस जात नाही. शेखर म्हणतो रिक्षाने जा. कुलूप लागल्यापासून वसंता तसाच जातो, पण म्हणतो, रिक्षा करून माणूस पाहुणा म्हणून जातो, रोजचा म्हणून नाही. मला त्याचं म्हणणं पटलं, पण पटणं हा पुरावा नव्हे.

घरी मालतीने गरम पोंगल (मूगडाळ घालून केलेला मऊ भात) वाढला आणि माझ्या शेजारीच बसली.

“आत्या, मी कैदेत नाही टाकलेलं त्यांना. पण त्या दिवशी दारात रक्त लागलेला शर्ट पाहिला आणि...” कमरेला खोचलेली किल्ली तिच्या हाताला सारखी लागत होती.

“मला आठ दिवस दे,” मी म्हटलं. “रविवारी माझी गाडी आहे. त्याआधी सांगते. तोवर मी मागेन तेव्हाच कुलूप काढायचं आणि परत लावायचं.”

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने दिवे बसवून दिले. त्याने चाक हाताने फिरवलं, दिवा लुकलुकला, त्याने चाक धरलं, दिवा विझला. असं त्याने सात-आठ वेळा केलं. मग म्हणाला, “सुपर, पाट्टी (आजी)! पण रात्री कमी पडेल.” हा रात्रीसाठी नाही, दिवसासाठी आहे, असं वसंताने तमिळमध्ये सांगितल्यावर त्याने आधी वसंताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. डोकं फिरलेल्या माणसांकडे कसं पाहतात, ते तुम्हाला माहीत आहे.

मग आम्ही धक्का लागला त्या जागी गेलो. एका कॉलेजच्या लांबलचक भिंतीला लागून रस्ता, भिंतीच्या आत विलायती शिरीषाची जुनी झाडं, त्यांच्या फांद्या रस्त्यावर छत धरतात. झाडांच्या आधीचा रस्ता उघडा, पांढराफटक. समोरून ती गल्ली येऊन मिळते. गल्लीच्या तोंडाशी मी छत्री घेऊन उभी राहिले आणि वसंताला दूरच्या वळणापासून सायकलवर येत राहायला सांगितलं. एकदा दिवे झाकून, एकदा उघडे. दर वेळी तो मला पहिल्यांदा कुठे दिसला ती जागा लक्षात ठेवायची आणि मागाहून पावलांनी अंतर मोजायचं.

ईरा, उघड्या उन्हात तुझा दिवा जवळजवळ फुकट गेला. दिवा दिसायच्या कितीतरी आधी मला त्याची पांढरी टोपी दिसली. नीलला मी मनातल्या मनात शाबासकी दिली. पण झाडांखाली वेगळंच झालं. माझे डोळे उन्हाला सरावलेले. समोर फांद्यांखाली बघितलं तर तिथे काळोखी खोली असावी तसं. उन्हाचे कवडसे हलत होते आणि त्या कवडशांत माझा सख्खा भाऊ पार मिसळून गेला होता, टोपीसकट. पहिल्या खेपेस तो अगदी समोर आला तेव्हा मी दचकलेच. मग दिवे उघडे ठेवून आला, तेव्हा काळोखाच्या तळाशी एक टिकली उघडझाप करताना दिसली. माणूस दिसला नाही, सायकल दिसली नाही, पण काहीतरी येतंय हे कळलं. म्हणजे तो मोटारसायकलवाला खोटं बोलला नव्हता. सकाळी दहाचं ऊन जितकं कडक, तितकी त्याची सावली गडद.

अंतर मोजायला मी भिंतीच्या कडेने पावलं टाकू लागले. एक, दोन, तीन म्हणत, मध्येच थांबून वहीत लिहीत. शंभर पावलं झाली असतील नसतील, समोरच्या घरातून एक गृहस्थ लुंगी सावरत आले.

“मॅडम, रोड वायडनिंगा (रस्ता रुंद करताय)?”

मी इंग्रजीत नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तोवर शेजारच्या बाई आल्या, त्यांच्यामागे आणखी दोघे. माझी छत्री, वही आणि चष्मा पाहून त्या सगळ्यांनी मला सरकारी ठरवलं होतं. कुणाची कुंपणाची भिंत जाणार, कुणाचा पेरू जाणार, अशी चर्चा माझ्यासमोरच सुरू झाली. एकीने मला ताक आणून दिलं. पेरूचं झाड तिचं होतं. वसंता सायकल ढकलत आला आणि त्याने सगळं समजावलं, तेव्हा त्यांना आमचा फार राग आला. भिंत वाचल्याचा आनंद कुणालाच झालेला दिसला नाही. ताक मात्र उत्तम होतं, आलं आणि कढीपत्ता घातलेलं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. आपल्याकडे दिवसा कुणाच्या गाडीचा दिवा चालू दिसला की आपण काय करतो? हात वर करून मूठ उघडझाप करतो. दिवा राहिलाय, बंद करा. अनोळखी माणसालाही हे सांगणं आपण आपलं कर्तव्य समजतो. तांबरममध्ये ही कर्तव्यबुद्धी पुण्यापेक्षा जास्तच आहे. वसंता रस्त्यावर आला की फूलवाली ओरडे, “तात्ता (आजोबा), लैट एरियुदु (दिवा जळतोय)!” रिक्षावाला मूठ उघडझाप करी. शाळेच्या मुली सायकलवरून शेजारी येऊन सांगत. एकदा तर बसच्या कंडक्टरने दारातून वाकून शिट्टी वाजवली.

वसंता सभ्य माणूस. दर वेळी तो थांबे आणि हा दिवा मुद्दाम आहे असं सांगू लागे. पण थांबला की चाक थांबे आणि दिवा विझे. मग समोरचा समाधानाने म्हणे, “इप्पो सरि (आता ठीक),” आणि निघून जाई. वसंता पुन्हा पायडल मारी, दिवा पुन्हा लागे, आणि वीस पावलांवर पुढचा कर्तव्यदक्ष नागरिक उभा असे.

तिसऱ्या दिवशी तो घामाघूम होऊन घरी आला आणि त्याने सायकल भिंतीला टेकवली.

“अक्का, काढ ही लुकलुक. गावभर लोक मला विसरभोळा म्हातारा समजायला लागलेत. पुण्यात होतो तेव्हा संध्याकाळी दिवा नाही म्हणून पोलीस अडवायचे, आता दिवसा दिवा आहे म्हणून सारा गाव अडवतोय!”

“दिवा काढलास तर मी हो म्हणणार नाही,” मी म्हटलं. “झाडांखाली तू मला दिसला नाहीस, वसंता. मला, तुझ्या बहिणीला.”

“मग राहू दे सायकलच.” तो आत गेला. मालतीने गुपचूप साखळी घातली, पण कुलपाचा आवाज झालाच. सेतुरावांचं पत्र त्या दिवशी वाचायचं राहिलं होतं.

चौथ्या दिवशी मी एकटीच रिक्षाने सेतुरावांकडे गेले. वसंताला सांगितलं, एक शेवटची खेप सायकलवर ये, दिवे लावून, मग तुला हवं ते कर. सेतुराव घराच्या तिण्णैवर (ओट्यावर) खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर.

“यावें, यावें, अक्का. आम्हांस ठावें होतें तुम्ही येणार.” त्यांचं मराठी ऐकताना आपल्या पणजोबांचं पत्र कुणी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं. ती चाल मला इथे लिहून दाखवता येत नाही. त्यांच्या घरात माझ्यासमोर काय आलं असेल? डांगर! उडदाच्या भाजलेल्या पिठाचं, दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. घरापासून एवढ्या लांब, आणि नाव तेच, चव तीच.

मी त्यांना दिव्याची हकिगत सांगितली. ते आधी हसले, मग गंभीर झाले.

“दिवसा दिवा ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या लोकांत पूर्वी थोराला दिवसा मशालीचा मान असे. इथले तमिळ लोक त्यास पगल तीवट्टी (दिवसाची मशाल) म्हणत. पुढे मशाल, मागे पालखी, आणि वर सूर्य. आता सांगा, ती मशाल वाट दिसण्यासाठी होती काय?”

“नाही.”

“कोण येतो आहे हें लोकांस कळावें म्हणून. वसंतरावांस तो मान मिळाला, आणि ते रागावले!”

तेवढ्यात लांबून आवाज आला, “सार, लैट!” मग जरा जवळून, बाईचा, “तात्ता, लैट!” मग एक रिक्षाचा भोंगा. सेतुरावांनी मान वर केली. “आले वसंतराव. ललकारी ऐकू येत आहे.”

मी वही उघडली होती, पण लिहिलं काहीच नाही. तीन दिवस मी दिवा किती लांबून दिसतो ते मोजत होते. कोण वसंताकडे बघतंय, ते मी मोजलंच नव्हतं. ज्याने ज्याने मूठ उघडझाप केली होती, त्याने त्याने आधी त्याला पाहिलं होतं.

वसंता आला, टोपी काढून बसला. सेतुरावांनी मशालीचं त्यालाही ऐकवलं. तो हसला नाही, पण रागही दिसला नाही. मग सेतुरावच उलटले. त्यांचा स्वभावच तसा, आपली बाजू जिंकली की ते दुसऱ्या बाजूला जातात.

“पण अक्का, उद्या सगळेच मशाल लावतील तर? मग मशाल नाही त्याजकडे कोण पाहील?” त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. एक भाजीवाला सायकलवरून चालला होता, मागे कीरैच्या (पालेभाजीच्या) एवढ्या जुड्या की माणूस जवळजवळ हिरवा झाला होता. दिवा नाही, घंटीही नाही. पण तो दर दहा पावलांवर ओरडत होता, “कीरै, कीरै!” त्याचा दिवा त्याच्या गळ्यात होता. पण जो ओरडत नाही, ज्याच्याकडे दिवाही नाही, नुसता चालतो, त्याचं काय, हे मला सांगता आलं नाही. ईरा, हा प्रश्न मी तुझ्याकडे परत पाठवते आहे. तिकडच्या लोकांना विचार.

त्या दिवशी वसंताने सेतुरावांना दोन पत्रं वाचून दाखवली, कालचं आणि आजचं. दुसऱ्या पत्रात फक्त विहिरीच्या दुरुस्तीची हकिगत होती, तरी सेतुराव डोळे मिटून ऐकत होते.

परतताना मी रिक्षाने पुढे आले आणि गल्लीच्या तोंडाशी उतरले. मालती तिथे आधीच उभी होती. भाजी घ्यायला आले, असं म्हणाली, पण हातात पिशवी नव्हती. आम्ही दोघी झाडांखालच्या काळोखाकडे बघत राहिलो. तळाशी टिकली लुकलुकली. त्याच वेळी आमच्या मागे गल्लीतून मोटारसायकलचा आवाज आला. मालतीने माझं मनगट धरलं. गाडी आमच्या शेजारून पुढे गेली, रस्त्यावर येता येता चालवणाऱ्याने उजवीकडे पाहिलं आणि एकदम पाय टेकले. त्याने हात वर केला, मूठ उघडली, मिटली.

“सार! लैट!”

वसंता या वेळी थांबला नाही. त्याने डावा हात उंच केला, एखाद्या सरदाराने मुजरा स्वीकारावा तसा, आणि ओरडला, “तेरियुम (ठाऊक आहे), तेरियुम! थँक्स!” आणि त्याच्या चाकासमोरून पुढे निघून गेला.

मालतीने मनगट सोडलं. तिच्या बोटांचे वळ उठले होते.

“आत्या, दिव्यामुळेच थांबला ना तो?”

“खात्रीने सांगता येणार नाही,” मी म्हटलं. मला हो म्हणता आलं असतं. पण एका खेपेवरून सिद्ध काहीच होत नाही, हे मी तुम्हाला नेहमी सांगते. “दिव्याशिवायही थांबला असता कदाचित.”

“पण थांबला कशासाठी? दिवा राहिलाय, ते सांगायला.”

“हो.”

“म्हणजे बाबांना सांगायला.” तिने कमरेची किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि माझ्याकडे दिली. “तुम्ही द्या. मी दिली तर ते दिवसभर मिरवतील.”

किल्ली मी दिली, पण अटी घातल्या. दिवे काढायचे नाहीत. झाडांखाली हळू. कुणी सांगितलं तर थांबायचं नाही, हात वर करायचा. वसंताने तिन्ही मान्य केल्या आणि तरीही दिवसभर मिरवला.

रविवारी गाडी धरली, सोमवारी पुण्यात उतरले. स्टेशनवरून रिक्षाने येताना समोरून एक जुनी स्कूटर आली, भर उन्हात दिवा चालू. मला काही कळायच्या आत माझा हात रिक्षाबाहेर गेला आणि मूठ उघडझाप झाली. स्कूटरवाल्याने दिवा बंद केला, मान तुकवून गेला. घरी येईपर्यंत मला स्वतःचंच हसू येत होतं. आठ दिवस दिव्याची बाजू घेऊन आले आणि येताच एक दिवा विझवला. पण त्याने मला पाहिलं होतं, मी त्याला पाहिलं होतं, आणि आमच्यात अंतर राखून आम्ही गेलो होतो.

तेव्हा निकाल असा. उघड्या उन्हात नील बरोबर, सावलीत ईरा. आणि तांबरमला दोघांपेक्षा रस्त्यावरची माणसं बरोबर.

हे सगळं लिहून पाकीट बंद करायचं ठेवलं होतं, कारण वसंताचा फोन यायचा होता. काल आला. म्हणाला, आता वाटेत कुणी काही सांगत नाही. सवय झाली लोकांना. मला जरा काळजीच वाटली. मी विचारलं, मग बघतात तरी का?

“ऐक तर,” तो म्हणाला. “परवा पुढच्या चाकातलं लोहचुंबक कुठेतरी पडलं. मला पत्ताच नाही. निघालो तसाच. तर ती फूलवाली टोपली टाकून रस्त्याच्या मध्यापर्यंत धावत आली, अक्का. ‘तात्ता, निल्लुंग (थांबा)! इन्निक्कि लैट एरियलै (आज दिवा जळत नाही)!’”